हवेत सोडलेली वायर

बापलेकीचं भांडण एका मेलेल्या कॉम्प्युटरवरून होतं. आणि मेलेल्यांवरून माणसं जितक्या हिरिरीने भांडतात तितकी जिवंतांवरून भांडत नाहीत, हा अनुभव काही नवा नाही.

बापाला घरीदारी सगळे दादा म्हणत. लिफ्टची, वॉशिंग मशीनची, कारखान्यातल्या यंत्रांची बिघडलेली इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करायचं त्याचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. त्यामुळे जेवताना घासाला कधीकधी डाग द्यायच्या सोल्डरचा वास यायचा आणि कुणी तक्रार केली की दादा म्हणायचा, त्याच वासावर हे घर उभं आहे. लेक एका ऑफिसात होती. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका दिवसभर शोधायची. म्हणजे दोघांचाही धंदा एकच, चुका काढण्याचा. मग घरात शांतता कुठून नांदणार!

भांडणाचं मूळ असं की दादा तरुण होता तेव्हा घरात एक कॉम्प्युटर आला होता. टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून प्रोग्रॅम चढवायचा, कीबोर्डच्याच डब्यात सगळा कारभार, असा तो जमाना. तो कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला. मागे राहिली एक कॅसेट, आणि त्या कॅसेटवर दादाच्या धाकट्या बहिणीने स्वतः लिहिलेला एक खेळ. बहिणीला सगळे ठकी म्हणत. शाळा संपता संपता ठकी तापाने गेली.

आता दादाच्या आईला तो खेळ बघायचा होता. तिचा एक डोळा आधीच गेला होता आणि दुसऱ्यातला उजेड आटत चालला होता. डॉक्टरांनी गोड शब्दांत सांगितलं की आहे तेवढं जपा, गेलेलं परत यायचं नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आई दादाच्या दंडाला धरून म्हणाली, "दिसेनासं व्हायच्या आत मला ठकीला एकदा बघायचंय. फोटोतली नको. खेळातली."

त्या खेळाचं नाव घरात इतकी वर्षं कुणी काढलं नव्हतं, आणि ज्यामुळे काढलं नव्हतं ती गोष्ट आईचीच होती.

खेळ तसा साधा होता. ठकीने पडद्यावर आपलंच घर काढलं होतं, खोल्या, बोळ, दारं, सगळं जागच्या जागी. खेळणारा म्हणजे एक पांढरा चौकोन. त्याने घरभर हिंडून हरवलेल्या वस्तू शोधायच्या, किल्ली, चष्मा, वडिलांचा पेचकस. मागच्या खोलीच्या कोपऱ्यात करंगळीच्या नखाएवढी एक फ्रॉकवाली मुलगी उभी असायची. ती स्वतः ठकी. कुणी खेळायला बसलं की ती कोपरा सोडायची आणि चालत चालत पुढे यायची. तिच्यासाठी कुठलंही बटण नव्हतं. "हिला कोण चालवतं?" असं दादाने एकदा विचारलं तेव्हा ठकी म्हणाली, "तूच चालवतोस, शहाण्या," आणि जीभ दाखवून पळाली. दादाला वाटलं, चेष्टा करतेय.

ठकी गेल्यावर काही दिवसांनी दादाने तो खेळ लावला, पण बघवेना म्हणून चालू ठेवूनच बाहेर निघून गेला. आई खोलीत आली. टीव्ही उगाच जळतोय म्हणून बंद करायला पुढे झाली, आणि कोपऱ्यातली मुलगी निघाली. बोळातून, दारातून, पडद्याच्या खालच्या कडेपर्यंत आली आणि आईसमोर येऊन थांबली. आईची किंकाळी शेजारपाजारच्यांनी ऐकली. तिने प्लग भिंतीतून उपटला तो सॉकेटसकट. दुसऱ्या दिवशी वडिलांनी कॉम्प्युटर भंगारवाल्याच्या गाडीवर ठेवला. कॅसेट मात्र आईनेच कपाटात कपड्यांखाली लपवली. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही. पण तेव्हापासून तिने घरातला एकही दिवा आपल्या हाताने बंद केला नाही. झोपायच्या वेळी दुसऱ्याला हाक मारायची. दादाने त्यावरून काय ते ओळखलं होतं. पोर आपल्याकडे धावत आली आणि आपणच तिला विझवलं, हे आईच्या मनात बसलं होतं.

तर असा हा खेळ पुन्हा कसा चालवायचा, ह्यावरून जुंपली.

लेकीचं म्हणणं सोपं होतं. एम्युलेटर वापरायचा. म्हणजे आजच्या लॅपटॉपने त्या जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घ्यायचं, इतकं हुबेहूब की प्रोग्रॅमला फरक कळू नये. कॅसेटवर प्रोग्रॅम आवाजाच्याच रूपात असतो, तो आवाज तिने साफ करून लॅपटॉपमध्ये घेतलाही होता.

"सोंग ते सोंग," दादा म्हणाला. "मी नवीन बांधतो. बोर्ड करून घेतो, जुनी चिप मिळवतो, डबासुद्धा तसाच."

"बोर्ड नवा, डबा नवा, टीव्ही दुसऱ्याचा. मग तुझंही सोंगच ना बाबा? फक्त जड."

"त्यातून वीज वाहते."

"माझ्या लॅपटॉपमध्ये काय पाणी वाहतं?"

दादाने भिंग डोळ्याला लावलं. उत्तर सुचलं नाही की तो हेच करायचा.

पहिली पाळी लेकीची आली, कारण तिचं काम आधी झालं. आईला खुर्चीत बसवलं, लॅपटॉप तिच्या चांगल्या डोळ्यासमोर धरला. घर आलं. खोल्या आल्या. कोपऱ्यात फ्रॉक आला. आई नाक टेकेल इतकी जवळ गेली. लेकीने चौकोन घरभर हिंडवला, किल्ली सापडली, चष्मा सापडला, पेचकससुद्धा सापडला. मुलगी कोपऱ्यातून तसूभर हलली नाही.

"चित्र छान आहे," आई म्हणाली. "पण ही ठकी नाही."

"आजी, हा तोच प्रोग्रॅम आहे. एक अक्षर इकडचं तिकडे नाही."

"असेल ग. सगळी सोंगं आणता येतात, जिवाचं आणता येत नाही."

दादाला आतून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. तो इरेला पेटला. जगभरच्या हौशी लोकांनी जपलेल्या आराखड्यांवरून त्याने बोर्ड करून घेतला. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या अडगळीतून जुन्या चिपा मिळवल्या, त्यांचे गंजलेले पाय घासून चकचकीत केले. एकेक सांधा असा भरला की भिंगातून बघावा. दुकानात शिकायला येणाऱ्यांना तो पहिल्या दिवशी जी शिस्त लावायचा ती इथेही पाळली: चिपेची कुठलीही पिन मोकळी सोडायची नाही. वापर नसेल तर रेझिस्टर लावून बांधून टाकायची. मोकळी पिन हवेतलं काहीही पकडते आणि भलतंच बरळते. आयुष्यभर लोकांच्या लिफ्ट त्याने ह्याच नियमावर सरळ चालवल्या होत्या.

दुसऱ्या पाळीला आईने आदल्या वेळेसारखी मान पुढे काढली. जुन्या टीव्हीचा काचेचा पडदा हळूहळू उजळला. घर आलं, कोपऱ्यात फ्रॉक आला. दादाने चौकोन घरभर हिंडवला. तो वाट बघत राहिला. आई वाट बघत राहिली.

"ही पण उभीच आहे," आई शेवटी म्हणाली आणि भिंतीला धरत आपल्या खोलीत गेली.

टोमणा मारायची इतकी नामी संधी लेकीने सोडली, ह्यावरूनच दादाला कळलं की आपला चेहरा कसा दिसत असेल.

त्यानंतर दादाला त्या खेळाने झपाटलं. दुकानात काम करताना तो खेळ चालूच ठेवायचा. लिफ्टचं कार्ड हातात आणि नजर मागच्या खोलीच्या कोपऱ्यावर. गिऱ्हाइकं विचारायची, हे काय हो, तर म्हणायचा, टीव्ही तपासतोय. हळूहळू त्याने बसायची खुर्चीच फिरवून घेतली, कारण त्या मुलीकडे पाठ करून बसवेना. पाठ केली की मानेवर कुणाचा तरी श्वास असल्यासारखं वाटायचं, आणि वळून बघावं तर ती आपली जागच्या जागी, भिंतीला टेकून, शिक्षा केलेल्या पोरीसारखी. एकदा भर दुपारी तो तिला मोठ्याने म्हणाला, "ये की ग." स्वतःचाच आवाज ऐकून त्याच्या अंगावर काटा आला. आपण तिला हलताना पाहिलं होतं, शंभरदा पाहिलं होतं, की तेही आता आपण मनाने रचलं? आणि रचलं असेल तर आई जे पाहून किंचाळली ते काय होतं? भुतावर दादाचा विश्वास नव्हता. पण विश्वास नसलेल्याला भूत जास्त छळतं, कारण त्याला मांत्रिकाकडेही जाता येत नाही.

बापाची ही दशा बघून लेकीने सुट्टीच्या दिवशी लॅपटॉप उघडला. एम्युलेटरची एक सोय अशी की धावता प्रोग्रॅम मध्येच गोठवता येतो आणि आत डोकावून बघता येतं, कोणती ओळ चाललीय, कुठे काय साठवलंय. ठकी आत्याचं लिखाण ती ओळीओळीने वाचत गेली. न्याहारीला हाक मारली तरी उठली नाही. मग एकदम म्हणाली, "बाबा, जॉयस्टिक होती का रे तुमच्याकडे?"

"नव्हती. मी सॉकेट बसवलं होतं हौसेने. जॉयस्टिक काही आली नाही."

"मग ही मुलगी जॉयस्टिकच्या सॉकेटकडे का बघतेय?"

दादा खुर्ची ओढून शेजारी बसला. लेकीने बोट ठेवून दाखवलं. प्रोग्रॅम सारखा त्या सॉकेटच्या एका पिनेला विचारत होता, काही आलं का, काही आलं का? पिन फडफडली की मुलगी एक पाऊल पुढे. पिन गप्प असली की एक पाऊल मागे, कोपऱ्यात पोचेपर्यंत. एम्युलेटर मोठा प्रामाणिक. जॉयस्टिक नाही म्हणजे नाही, हेच उत्तर तो दर वेळी देत होता. दादाच्या नव्या बोर्डावर ती पिन रेझिस्टरने बांधलेली. तीही गप्प.

"जे सॉकेट रिकामं आहे तिथे काय येणार होतं?" लेक म्हणाली. "काहीतरी चुकलंय तिचं."

"तिचं नाही," दादा म्हणाला. "माझं."

त्याला लख्ख आठवलं. ते सॉकेट त्याने नवशिकेपणी, वडिलांच्या जाड सोल्डरिंग गनने, घाईत बसवलं होतं. एक वायर कुठे जोडायची ते कळेना म्हणून ती त्याने डब्याच्या मागून तशीच बाहेर सोडून दिली. हातभर लांब, टेबलावर लोळणारी. त्या वायरजवळ हात गेला की कॉम्प्युटर वेडावायचा. माणसाच्या अंगात आसपासच्या विजेची बारीक गुणगुण सतत उतरलेली असते, ती वायर पकडायची. दादा ती चूक दुरुस्त करायला निघाला होता तेव्हा ठकीने त्याचा हात धरला होता. "राहू दे रे. मला लागते ती." त्याला वाटलं होतं, आळशी आहे, पुन्हा डबा उघडायला नको म्हणून म्हणतेय.

तिने त्याच्या चुकीवर आपला खेळ बांधला होता. घरातलं कुणी जवळ येऊन बसलं की मुलगी कोपऱ्यातून निघायची. तूच चालवतोस, असं ती खरंच सांगत होती.

दादाने सोल्डरिंग आयर्न तापवलं, रेझिस्टर उपटला आणि त्या जागी हातभर वायर जोडून हवेत सोडली. आयुष्यात पहिल्यांदाच तो मुद्दाम चूक करत होता. खेळ चढवला. लेक चहा टाकायला आत गेली होती. त्याने हात वायरकडे नेला.

मुलगी निघाली.

कोपऱ्यातून, बोळातून, दारातून. वाट तिला पाठ होती. पडद्याच्या खालच्या कडेला येऊन त्याच्यासमोर उभी राहिली. सगळं ठाऊक असून, वायर स्वतःच्या हाताने जोडलेली असून, दादाचा हात चटका बसल्यासारखा मागे आला. लगेच ती वळली आणि पाऊल पाऊल मागे जात कोपऱ्यात गेली.

चहा पिताना त्याने ठरवलं की आईला आधी सगळं सांगायचं आणि मगच दाखवायचं.

"आधी दाखव," लेक म्हणाली. "सांगायचंच कशाला?"

"अग, इतकी वर्षं ती स्वतःला खातेय. ती ठकी नव्हती, वायर होती, एवढं कळलं तर सुटेल बिचारी."

"आणि ठकी आत्या? तीही सुटेल. आजीच्या हातातून. हे एवढंच उरलंय तिच्याकडे."

"खोटं दाखवू म्हणतेस?"

"मी कुठे खोटं म्हणाले?" असं म्हणून लेकीने कप उचलले. त्या रागात एक कप फुटला.

दादाने आपलंच खरं केलं. दुपारी आईला दुकानात आणून बसवलं, शटर अर्धं ओढलं, आणि लहान मुलाला समजवावं तसं सगळं समजावलं. सॉकेट, वायर, अंगातली गुणगुण, ठकीने त्याचा केलेला वापर. "त्या दिवशी तू टीव्ही बंद करायला जवळ गेलीस म्हणून ती चालत आली. दुसरं कुणी असतं तरी आली असती. तू कुणाला विझवलं नाहीस, आई. तिथे कुणी नव्हतंच."

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झालं सांगून?"

"हो."

"तुझ्या वडिलांनी जन्मभर रेडिओ उघडले. एरियलजवळ हात नेला की खरखर वाढायची, हात काढला की थांबायची. त्या घरात मी काय डोळे मिटून राहिले?"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"त्या दिवशी नव्हतं. पुढे कधीतरी, भाजी निवडताना वगैरे, आपोआप लक्षात आलं की असंच काहीतरी असणार. पोर हुशार होती."

"मग इतकी वर्षं कसलं मनाला लावून घेतलंस?"

आईने पदराने चांगला डोळा पुसला. बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता.

"वायर होती, हे मला मागाहून कळलं रे. त्या क्षणी मला वाटलं, ती ठकीच आहे. अगदी खरंखुरं वाटलं. माझी लेक मला बघून कोपऱ्यातून उठून आली, असंच. आणि मी तिला भ्याले. पोटच्या पोरीला भ्याले मी. ये म्हणाले नाही, किंचाळले. मेली म्हणून आई भिते का लेकीला? मी भ्याले. ह्याला तुझी वायर काय करणार?"

सकाळी चटका बसल्यासारखा मागे आलेला आपला हात दादाने दुसऱ्या हाताखाली लपवला. आईला सोडवायला म्हणून त्याने इतकी जुळवाजुळव केली होती, आणि कुलूप भलत्याच दाराला होतं. दारात उभी असलेली लेक पुढे आली आणि तिने टीव्ही चालू केला.

"आता सांग," आई म्हणाली, "हात कुठे धरायचा."

दादाने तिचं मनगट धरून वायरजवळ नेलं आणि स्वतः मागे सरकला. तिने सुरकुतलेली बोटं हवेत पसरली. कोपऱ्यातल्या मुलीने पाऊल उचललं. आईचा हात स्थिर नव्हता, म्हणून तीही अडखळत, थांबत, एखादं पाऊल मागे जात येत होती, जणू ह्या खेपेला तिचीच खात्री पटत नव्हती. बोळ ओलांडायला तिला फार वेळ लागला. आई ओठ मिटून बघत होती. दुसऱ्या हाताने तिने खुर्ची घट्ट धरली होती, आणि दादाला स्पष्ट दिसलं की तिला आताही भीती वाटतेय.

मुलगी दारातून बाहेर आली.

"आजी, दमशील," लेक हळूच म्हणाली. "हात खाली घे थोडा."

"घेतला की ती परत जाईल ना?"

"हो."

"मग गप्प बस."

पण हात खाली येऊच लागला. म्हातारं हाड ते, किती तग धरणार. मुलगी दारात थबकली. दादा गुडघ्यांवर बसला आणि त्याने आईच्या कोपराखाली आपला तळहात लावला. दोघांचे हात वायरजवळ आले तशी ती न अडखळता उरलेली पावलं चालून आली, अगदी पडद्याच्या कडेपर्यंत, आईच्या तोंडासमोर.

आई मागे सरली नाही. "ये," ती म्हणाली.